उलटा हात

नेजमीची दाढी मला पाठ होती.
उजव्या गालावरून सरळ खाली उतरणारी,
हनुवटीच्या डाव्या अंगाला एक भोवरा.
तिथे वस्तरा हमखास अडायचा.
मी म्हणायचो, इथे तुझ्या आजीचा हट्ट बसलाय.
तो हसायचा, मी ओरडायचो, हलू नकोस.

लग्नाच्या सकाळीही मीच केली.
खुर्चीभोवती पोरं नाचत होती, ढोल दाराशी,
कुणीतरी त्याच्या खिशात नोटा खोचत होतं.
दोनदा फेस. सुलटा हात, मग उलटा.
तुरटी, लिंबाचं कोलोन.
असा गुळगुळीत नवरदेव तिरेबोलूत झाला नसेल,
असं मीच म्हणालो. मोठ्याने.

संध्याकाळी हेझलनटच्या बागेत हवेत गोळ्या झाडल्या.
आमच्याकडे झाडतात.
शेवटची हवेत गेली नाही.

अंकाऱ्याला अकरा ऑपरेशनं.
खालचा जबडा उरलाच नव्हता,
म्हणून पायातलं हाड काढलं, नडगीशेजारचं, बारकं.
त्याच्यावाचून माणूस चालतो म्हणे.
दोन ठिकाणी कापलं, बाक दिला, पट्टीवर स्क्रूने बसवलं.
हाडाबरोबर पोटरीची कातडी आली, एक शीर आली,
ती मानेतल्या शिरेला शिवली
केसाहून बारीक दोऱ्याने.
हे सगळं हाजेरने सांगितलं, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून.
तिने आत पाऊल टाकलं नाही.
मी ये म्हटलं नाही.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी,
दुकान रिकामं बघून तो आला.
मी टॉवेल घेऊन आरशाकडे वळलो.
“राहू दे, उस्ता.”
प आणि म तो आता गिळतो, ओठ मिटत नाहीत.

मी हात धुतले. फेस केला. पुन्हा हात धुतले.
सोळाव्या वर्षापासूनची त्याची दाढी, ओळखीची वाट,
आणि हनुवटीपाशी वाटच नाही.
तिथे एक परका, फिकट तुकडा,
त्यावर पायावरचे चार मऊ केस.
भोवरा शोधत बोट उगाच फिरलं.
“इथे लागतंय?”
“कळत नाही.”
“आणि इथे?”
“तिथे हात लावलास की कानाजवळ वाटतं.”
ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली.
त्याने रुमाल काढला,
मी कात्री शोधत राहिलो. कात्री हातातच होती.

मग तोच म्हणाला,
“हाजेर म्हणते, तू तोंड उघडलंस की लाथ बसते.”
आणि वरच्या अर्ध्या चेहऱ्याने हसला.
मला हसता येईना.
पिस्तूल माझं होतं. चाप ओढणारा
माझा सोनेर.

“कसा आहे?” त्याने आरशातून विचारलं.
कोण, ते विचारायची गरज नव्हती.
“दाढी स्वतःच करतो तिथे. कापून घेतो.”
“नवा आहे,” नेजमी म्हणाला, “शिकेल.”

सुलटा हात झाला. मी टॉवेल उचलला.
“उलटा?”
“कातडी कोवळी आहे, नेजमी.”
“पायाची आहे. मार.”

मी डाव्या हाताने कातडी ताणली.
खाली हाड लागलं, खरंखुरं, टणक,
मानेत शीर उडत होती. वस्तरा धरून
मी किती वेळ तसाच उभा होतो, माहीत नाही.
तोही हलला नाही. आता हल म्हणावंसं वाटलं.

त्याने पैसे मोजून ठेवले, दरफलकावर लिहिलेत तेवढे.
ना सूट मागितली, ना वर काही ठेवलं.
नको म्हणायची माझी छाती झाली नाही.
कोलोन त्याने स्वतःच ओतून घेतलं,
दोन्ही तळव्यांनी तोंडभर चोळलं,
एका बाजूला चरचरलं असणार.

कागदावर पुसलेला फेस वाळत होता,
त्यात काळे खुंट, आणि तीन बारीक तपकिरी केस.
बाहेर कोळ्यांच्या बोटी लागत होत्या,
पुढचं गिऱ्हाईक दारातून विचारत होतं,
किती वेळ लागेल?